धूळपेरणीची अॅडमिशन

दहावीचा शेवटचा पेपर भूगोलाचा. तो देऊन पोट्टं केंद्राच्या फाटकाबाहेर आलं की त्याच्या हातात आधी पाण्याची बाटली पडत नाही, पत्रक पडतं. चकचकीत कागद आणि त्यावर मागच्या वर्षी ‘नीट’ आणि ‘जेईई’त चमकलेल्या मुलामुलींचे फोटो. ते इतके बारीक आणि इतक्या दाटीनं छापलेले असतात की त्यांतला आपल्या गावचा पोरगा कोणता, यावर फाटकातच वाद होतो. खाली ठळक अक्षरांत सूट. अमुक तारखेच्या आत नाव नोंदवा, फीमध्ये एवढे टक्के कमी. पोराच्या डोक्यात अजून भारत आणि ब्राझीलची तुलना घोळत असते आणि बापाच्या डोक्यात त्याची अकरावी, बारावी, एमबीबीएस आणि इंटर्नशिपसुद्धा आटोपलेली असते. निकाल लागायला दोन महिने आहेत, ही त्यातली किरकोळ बाब.

तिथून पुढे तीन-चार महिने अख्ख्या वऱ्हाडात एकच प्रश्न फिरतो, ‘मंग, कुठी घेतली?’ काय घेतली हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. किराणा दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, बडनेऱ्याच्या फलाटावर, एवढंच काय मयतीला गेलं तरी स्मशानाच्या बाकावर हा प्रश्न होतो. मयताच्या घरी दहावीचं पोरगं असेल तर आधी तोच होतो.

आमच्याकडे या प्रश्नावर दोन पक्ष आहेत आणि दोन्ही सासरकडचे, म्हणून मला कोणत्याच बाजूनं बोलता येत नाही. साडभाऊ अकोल्याचे. त्यांचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. मेहुणे अमरावतीचे, शाळेत गणिताचे मास्तर. २०२५ साली साडभाऊंचा पोरगा आणि मेहुण्यांची पोरगी, दोघंही दहावीला बसले. भूगोलाच्या पेपरच्या संध्याकाळी साडभाऊंचा फोन आला.

‘दादा, पक्कं करून टाकलं. इंटिग्रेटेड. दोन वर्षांचा क्लास अन कॉलेज संगंच.’

‘अहो, पण निकाल?’

‘निकाल लागनच ना. लागल्यावर सारे पयतीन. तवा काय भेटते? उरलेलं.’

मेहुण्यांना फोन केला तर ते कुलरखाली निवांत बसून दुसऱ्याच शाळेचे पेपर तपासत होते. ‘भाऊजी, आधी निकाल, मग मेरिट, मग राउंड. सरकारनं एवढी पद्धत लावून देली आहे. घाई कायले?’

अकोल्याला ही घाई का सुटते, हे तिथे मार्च-एप्रिलात गेल्याशिवाय कळत नाही. गेल्या काही वर्षांत हे शहर शिकवणीचं शहर झालं आहे. बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, इकडे हिंगोलीपर्यंतची पोरं तिथे येतात, सोबत आई येते, कधी आजी येते, गॅसची शेगडी येते. जुन्या वस्त्यांतल्या घरमालकांनी गॅलऱ्या बंद करून खोल्या काढल्या. आणि खोल्यांचं एक साधं गणित आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तळमजल्यावरची, खिडकीत कुलर बसेल अशी खोली जो आधी येतो त्याला मिळते. जो गुणपत्रिका घेऊन जूनमध्ये येतो, त्याला स्लॅबखालची मिळते. तिथे रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला की माणूस हात मागे घेतो, आणि अशा खोलीत सेंद्रिय रसायनशास्त्र पाठ करायचं असतं. साडभाऊ म्हणत होते त्यात तथ्य होतं. पुढे डॉक्टर होणं न होणं नशिबावर, कुलर मात्र पावतीवर असतो.

आता या आधी घेण्याला काय म्हणावं, याचा शब्द साडभाऊंच्याच दुकानात आहे. आमच्याकडे कपाशीची धूळपेरणी करणारे शेतकरी आहेत. पाऊस यायच्या आत, कोरड्या मातीत सरकी टोबायची आणि आभाळाकडे पाहत बसायचं. मृगाचं पाणी वेळेवर आलं तर शेजाऱ्याच्या आधी आपली पऱ्हाटी उभी. तो बंड्या शोधत फिरतो तोवर आपलं डवरणं झालेलं असतं. पाणी आलं नाही, किंवा एक सर देऊन त्यानं दडी मारली, की बियाणं गेलं, मजुरी गेली, दुबार पेरणी गळ्यात. कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शेतकरी मान डोलावतो आणि पेरतो. ज्याची साधते तो गावभर सांगत फिरतो, ज्याची फसते तो गुपचूप दुसरी पिशवी आणतो. म्हणून धूळपेरणी नेहमी साधते, असा गावाचा समज कायम राहतो. आधी घेतलेल्या अॅडमिशनचंही तसंच. साधलेल्यांचे फोटो पत्रकावर येतात. फसलेल्यांचे येत नाहीत.

पण कपाशीच्या बाबतीत सरकार जरा तरी कडक आहे. गुलाबी बोंडअळीचं चक्र तुटावं म्हणून १ जूनच्या आधी कपाशी लावू नका असं सांगतात, बियाण्याच्या विक्रीलाही तारीख ठरवून देतात. साडभाऊंना ही तारीख पाळावी लागते, नाहीतर कृषी अधिकारी दुकानात. बोंडअळीसाठी घेतली जाणारी ही काळजी पोरांसाठीही घ्यावी, असं केंद्र सरकारला जानेवारी २०२४मध्ये वाटलं. शिक्षण मंत्रालयानं कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला घेऊ नका, दहावीची परीक्षा झाल्यावरच नाव नोंदवा, मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत करा. सूचना चांगल्या आहेत. साडभाऊंना त्या मी वाचून दाखवल्या तेव्हा ते ‘हाव, बरोबर आहे’ म्हणाले आणि त्यांनी विषय युरियाच्या टंचाईकडे नेला.

माझं मत विचाराल तर... कोणी विचारत नाही, कारण माझ्या घरी सध्या दहावी-बारावीचं कोणी नाही, आणि अशा माणसाला आमच्याकडे मत नसतं. तरी सांगतो. आधी पैसे भरणारा बाप जागा विकत घेत नाही, तो उत्तर विकत घेतो. ‘मंग, कुठी घेतली?’ या प्रश्नाचं उत्तर. हे पाहायचं असेल तर मे महिन्यातल्या लग्नाला जावं. मंगल कार्यालयात भिंतीभर कुलर, सगळ्यांचं पाणी संपलेलं, आणि पंगतीत वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. ज्या बापाजवळ उत्तर आहे, तो दोन शब्दांत ते देतो आणि पुन्हा वांग्याच्या भाजीकडे वळतो. ज्याच्याजवळ उत्तर नाही, तो ‘राउंडची वाट पाहून राहिलो’ म्हणतो. तेवढ्यावर डावीकडून एक काका, उजवीकडून एक मामा आणि वाढायला आलेला नवरदेवाचा चुलतभाऊ असे तिघं त्याच्यावर सल्ला घेऊन चालून येतात. एक म्हणतो लातूर. एक म्हणतो कोटा. वाढणारा म्हणतो आयटीआय कर, पोट्टा लवकर कमावते. हा सल्ला त्यातला त्यात बरा असतो, पण तो बुंदीच्या बादलीसह आलेला असल्यामुळे कोणी मनावर घेत नाही. पंगत उठते तेव्हा त्या बापाचं अर्धं ताट तसंच असतं. मे महिन्यात अशी सात-आठ लग्नं केली की माणूस कोणत्याही क्लासची फी भरायला तयार होतो.

ज्याचं उत्तर विकत घेतलं, त्या पोराला मात्र कोणी विचारलेलं नसतं. साडभाऊंच्या घरी मी विचारलं. ‘काय रे, तुले काय व्हायचं?’ पोरगं मोबाइलमधून डोकं न काढता म्हणालं, ‘मावसाजी, बाबाले विचारा ना. फॉर्म त्यांच्याजवळ आहे.’

आता दुसरा पक्ष. अमरावतीच्या माणसाला वाट पाहायची सवय सरकारनं लावली. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश बरीच वर्षं फक्त मोठ्या शहरांत होते: मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर आणि आमची अमरावती. या यादीत आपण आहोत याचा अमरावतीकरांना सुरुवातीला अभिमान वाटला, नंतर फेऱ्या सुरू झाल्या. अकोल्यात त्या काळात पोरगं गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या खिडकीशी जायचं, भिंतीवर यादी लागायची, पैसे भरले की झालं. अमरावतीत त्याच वेळी राजकमल चौकात चहा पिताना माणसं ‘तिसरी फेरी’, ‘कोटा सरेंडर’, ‘कटऑफ’ असले शब्द बोलायची आणि अकोल्याहून आलेल्या पाहुण्याला वाटायचं की इथे कुस्तीची दंगल आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं गाव म्हटल्यावर तसं वाटणं चूकही नव्हतं.

मेहुणे या फेऱ्यांत निष्णात. मास्तर, त्यातून गणिताचे. शाळेतल्या पोरांचे पसंतिक्रम भरून देण्यात त्यांची हयात गेली आणि आता तर घरचंच पोरगं. निकाल लागला १३ मे २०२५ला. पोरगी चांगल्या गुणांनी पास झाली. संध्याकाळी पेढे वाटून झाल्यावर मेहुण्यांनी मागच्या तीन वर्षांचे कटऑफ एका वहीत उतरवून काढले. तांबड्या पेनानं ‘अशक्य’, निळ्यानं ‘शक्य’, हिरव्यानं ‘नक्की’. फेरीनुसार वेगळी पानं. पहिली फेरी गेली तर काय, दुसरी गेली तर काय, तिसऱ्या फेरीत व्यवस्थापनाच्या जागा परत आल्या तर काय. पोरीनं एकदा वहीत डोकावून पाहिलं आणि ‘बाबा, मले फक्त मैत्रिणीसंगं पाह्यजे’ म्हणाली. ही अट कोणत्याच रंगात बसत नव्हती, म्हणून ती वहीत आली नाही.

आणि नेमकी त्याच वर्षी गंमत झाली. २०२५-२६पासून अकरावीची ऑनलाइन पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली. अकोला, वाशीम, गडचिरोली, सगळे एका पोर्टलवर. दहा पसंती भरायच्या. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर नियमित फेऱ्यांतून बाहेर.

ही बातमी साडभाऊंना क्लासच्या ऑफिसात कळली. त्यांनी क्लासची फी भरली होती, पण कॉलेज? कॉलेज पोर्टलवरून. ‘टेन्शन नका घेऊ सर, फक्त आपलं कॉलेज एक नंबरले टाका,’ काउंटरवरची पोरगी म्हणाली. साडभाऊ घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या मेहुण्याला स्वतःहून फोन लावला. याआधी ते एकमेकांशी फक्त दिवाळीत बोलत, तेही फराळाबद्दल.

‘मास्तर, ते राउंड राउंड काय असते, जराक समजावून सांगता का?’

माझ्या बायकोला मेहुण्यांनी नंतर सांगितलं की हा त्यांच्या आयुष्यातला फार मोठा क्षण होता. ते दीड तास बोलले.

पुढचं सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे. २१ मेला नोंदणी सुरू व्हायची होती, त्याच दिवशी संकेतस्थळ बसलं, आणि मग २६ मेपासून गाडी पुन्हा रुळावर आली. त्या दिवसांत आमच्या भागातल्या झेरॉक्सवाल्याला जो मान मिळाला तो आमदाराला मिळत नाही. त्याच्या दुकानासमोर खुर्च्या लागल्या. पहाटे पाचला साइट चालते, असं कोणीतरी सांगितलं आणि गाडगेनगरात पहाटे पाचला दिवे लागले. ज्यांनी मार्चमध्ये जागा ‘पक्की’ केली होती ते आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते, दोघंही त्याच गोल फिरणाऱ्या चकतीकडे पाहत बसले. समता म्हणतात ती हीच असावी.

जूनच्या अखेरीस पहिली यादी, वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट. इथे मला राहवत नाही म्हणून एक आकडा देतो. अमरावती ते अकोला याच मार्गावर, राष्ट्रीय महामार्ग ५३वर, जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग १०५ तास ३३ मिनिटांत झाला आणि गिनीज बुकात गेला. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता. म्हणजे ज्या दोन शहरांमध्ये पाच दिवसांच्या आत रस्ता होतो, तिथे एका पोराचं अकरावीचं कॉलेज ठरायला तीन महिने लागतात. रस्त्याला पसंतिक्रम नव्हता, हे मान्य. आणि रस्त्याला आई नव्हती.

बारावीवाल्यांचं आणखी वेगळं. माझा मोठा भाऊ दर्यापूरकडे शेती करतो. त्याचा पोरगा त्याच वर्षी बारावीला. इंजिनिअरिंग हवं. परीक्षा संपायच्या आतच भावाला फोन यायला लागले, कधी पुण्याहून, कधी त्याच्याही पलीकडून. फोन हिंदीत. भाऊ वावरात, कानाला मोबाइल, हातात डवऱ्याचा दोर.

‘सर, सीट ब्लॉक कर लीजिए. लास्ट ट्वेंटी सीट्स हैं.’

‘हो का? मंग बाकीच्या कुठी गेल्या?’

‘सर, भर गई.’

‘एवढ्या लवकर? आमच्या गावचं तं कोणीच गेलं नाई अजून.’

तिकडची पोरगी दोन क्षण गप्प झाली आणि पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा फोन केला. तेव्हाही वीसच जागा उरल्या होत्या. भावाला त्या जागांबद्दल आदर वाटू लागला. एवढे दिवस टिकून राहणं सोपं नाही.

तरी मोह होतोच. वीस-पंचवीस हजार भरून जागा धरून ठेवायची, पुढे सरकारी फेरीत चांगलं मिळालं तर सोडायची. कागदावर हे सरळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानंही नियम केला. २०२४-२५साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण पैसे परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त एक हजार कापायचे. नियम छान आहे, पण पैसे परत मागायला अर्ज करावा लागतो, तो इंग्रजीत ई-मेलनं, आणि त्यात आपलंच बँक खातं आपलंच आहे हे सिद्ध करणारा रद्द केलेला धनादेश जोडावा लागतो. माझ्या ओळखीतले दोघं-तिघं या टप्प्यावर आले आणि ‘जाऊ दे, पोट्टं तिथीच शिकते’ म्हणून मोकळे झाले. एवढ्या सरळ कारणानं इंजिनिअर झालेली माणसं आपल्याकडे किती असतील!

सरकारी फेऱ्यांचा तिढा वेगळाच. २०२५-२६मध्ये चार फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती गोठली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर ते गोठलं, तिसरीत पहिल्या सहापैकी. ‘फ्रीज झालं’ असं म्हणतात. पंचेचाळीस अंशांत काहीतरी फ्रीज होतं आहे, हे ऐकूनच थोडं बरं वाटतं. भावाच्या पोरानं अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय वर टाकलं. ते १९६४पासूनचं कॉलेज, वऱ्हाडातल्या बापांच्या डोळ्यांसमोर तेच असतं. त्याखाली पुणे, त्याखाली नागपूर, त्याखाली बडनेऱ्याचं, आणि सगळ्यांत खाली भावाच्या आग्रहानं अकोल्याचं कृषी विद्यापीठ. ते या यादीत येतच नाही असं पोरानं दोनदा समजावलं. भाऊ म्हणाला, ‘लिहून तं ठेव. पेन्सिलनं.’

या सगळ्या घाईत एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात येत राहिली. क्लास मार्चमध्ये, खोली एप्रिलमध्ये, मेसचा डबा मेमध्ये, सगळं आगाऊ. आणि नॉन-क्रीमिलेयर? अधिवास प्रमाणपत्र? जात पडताळणी? ते कोणी आगाऊ काढत नाही. ज्या एका कामात आधी जाण्यानं निव्वळ फायदा आहे, पैसे बुडायचा धोका नाही, कुणाचं मत विचारायचं नाही, ते काम आम्ही फेरी सुरू झाल्यावर काढतो. मग तहसीलच्या आवारात पिंपळाखाली अख्खा वऱ्हाड भेटतो. साडभाऊही तिथेच भेटले. मार्चमध्ये दोन वर्षांची फी भरणारा माणूस जुलैमध्ये आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत होता. आजोबा शाळेत गेले होते की नाही इथूनच घरात वाद होता.

आधी जागा धरायचा हा प्रश्न अमेरिकेत कसा सुटतो ते आमच्या सौंच्या मावसभावाकडून कळलं. तो न्यू जर्सीत. त्याच्या पोरीनं बारावीच्या वर्षी १ नोव्हेंबरच्या आत एका कॉलेजला अर्ली डिसिजनचा अर्ज केला. तो बांधील अर्ज असतो. एकाच कॉलेजला करायचा, घेतलं तर जायचंच, बाकीचे अर्ज मागे. डिसेंबरच्या मध्यावर निकाल. तिकडे यावर मोठी भांडणं आहेत. पैसेवाल्यांच्या पोरांना हे परवडतं, बाकीच्यांना कोणतं कॉलेज किती मदत देतं हे पाहिल्याशिवाय शब्द देता येत नाही, असा आक्षेप. हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं २००६मध्ये आधीच्या अर्जाची पद्धत बंद करतो म्हणून जाहीर केलं आणि २०११मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली. मी हे साडभाऊंना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मंजे एवढे मोठे लोकं भी पाच वर्षं थांबले अन मंग आधीच घ्याले लागले. मी तं पहिल्यापासून हेच म्हणून राहिलो.’

आमच्या आजोबांच्या पिढीला यातलं काही नव्हतं. अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघालं १९२३मध्ये, पुढे त्याचंच विदर्भ महाविद्यालय झालं. त्याआधी ज्याला शिकायचं त्यानं नागपूर नाहीतर पुणे गाठायचं. पापळचे पंजाबराव देशमुख पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले, तिथून एडिनबरो, ऑक्सफर्ड. परत येऊन त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, कारण शेतकऱ्याच्या पोराला घराजवळ कॉलेज पाहिजे. आता घराजवळ कॉलेजं इतकी आहेत की २०२५मध्ये राज्यात अकरावीच्या वीस लाखांवर जागा होत्या आणि नोंदणी पंधरा लाखांच्या आत. अर्थ सरळ आहे. प्रत्येक पोराला जागा होती, वर काही लाख उरत होत्या. पण ‘कुठंतरी जागा’ हे कोणालाच नको. शेजाऱ्याच्या पोराला जी मिळाली नाही, ती पाहिजे. तिची टंचाई कधीच संपणार नाही.

यादी लागली. मेहुण्यांनी एक नंबरवर एक फारच वरचं कॉलेज टाकलं होतं. तांबड्या शाईतलं, अशक्य. ‘तसंही भेटत नाही, वर शोभेले असू द्या,’ असं ते म्हणाले होते. पहिल्याच फेरीत तेच मिळालं. पोरगी नाचली, तिची मैत्रीणही तिथेच. घरात पुन्हा पेढे. मेहुणे मात्र वही हातात घेऊन बसून राहिले. दुसऱ्या फेरीची पानं, तिसऱ्या फेरीची पानं, व्यवस्थापन कोट्याचा तक्ता, सगळं कोरंच्या कोरं वाया. पहिली पसंती मिळाली, आता घ्यावंच लागणार, नियमच तसा. ‘राउंडच नाही झाला भाऊजी,’ ते मला म्हणाले, ‘तीन वर्षांचे कटऑफ काढले होते.’ मी पेढा घेतला आणि सांत्वन केलं.

साडभाऊंच्या पोराला क्लासवालं कॉलेज दुसऱ्या फेरीत मिळालं, तोवर घरात कोणी नीट जेवलं नव्हतं. म्हणजे मार्चमध्ये पक्की केलेली जागा जुलैमध्ये पक्की झाली. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले. सप्टेंबरमध्ये पोरानं, मोबाइलमधून डोकं काढून, घरात जाहीर केलं की त्याला कॉमर्स पाहिजे. त्या रात्री साडभाऊंचा फोन आला, पण ते बोलले नाहीत, साळीच बोलली. मागे ते कोणाला तरी विचारत होते की दोन वर्षांची फी धाकट्या बहिणीच्या नावावर फिरवता येते का. धाकटी आठवीत होती.

पुढच्या मे महिन्यात मी अकोल्याला त्यांच्या दुकानात बसलो होतो. बाहेर ऊन असं की कुत्रंही सावली बदलत नव्हतं. पातूरकडचा एक शेतकरी आला. त्याला कपाशीचं बियाणं आताच घरी नेऊन ठेवायचं होतं, पाणी यायच्या आधी टोबून टाकतो म्हणाला. साडभाऊंनी चष्मा काढला.

‘काहून घाई करता बाप्पा? शंभर मिलिमीटर पडू द्या. जमीन वली होऊ द्या. मागच्या साली तुमच्याच गावात किती लोकायची दुबार पेरणी झाली, आठवते ना? धूळपेरणी म्हंजे जुगार आहे. मी तं कोणालेच सांगत नाई.’

शेतकरी मान डोलावत होता. काउंटरवरचा साडभाऊंचा मोबाइल वाजला. त्यांनी तो उचलला, ‘हाव, बोला मॅडम’ म्हणाले आणि गल्ल्यातून पेन काढलं. ‘फाउंडेशनची ना? नववीची. तीस तारखेलोक किती टक्के म्हणता?’

शेतकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी युरियाच्या पोत्यांकडे.